लोटननानांचं अपेंडिक्स

बोरपाडळीला दवाखाना नव्हता, लोटननाना होते. धुळ्याहून साक्रीला जाताना फाट्यावर एस.टी.तून उतरायचं आणि पांझरेच्या अंगाला चार पावलं चालायचं, की हे गाव लागतं. तिथे कापूस पिकायचा, बाजरी पिकायची आणि नानांच्या ओसरीवर सल्ले पिकायचे. पहिल्या दोन पिकांना पाऊस तरी लागायचा, तिसऱ्याला काहीच लागत नसे.

तसे नाना साधे शेतकरी. बेताची जमीन, एक बैलजोडी, एक बायको, एक मुलगा आणि पोटावर एक व्रण. गावात नानांपेक्षा जास्त जमीन असलेले पुष्कळ होते, बैलही बऱ्याच जणांचे त्यांच्याहून चांगले होते, पण व्रण मात्र एकट्या नानांकडे होता. त्या बोटभर व्रणाने त्यांना जो मान मिळवून दिला, तो सरपंचाला निवडणुकीवर निवडणूक जिंकूनही मिळाला नाही.

व्रण धुळ्याचा होता. देवपुरातल्या एका खासगी दवाखान्यात नानांचं ऑपरेशन झालं, त्या काळी पोट कापून घेऊन जिवंत परत आलेलं माणूस गावाने पाहिलेलं नव्हतं. नाना परत आले. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, कण्हत, एकेक पाऊल तोलत ओसरीवर चढले, तक्क्याला टेकले आणि जमलेल्या मंडळींकडे बघत म्हणाले, "अपेंडिक्स व्हतं. येळवर कापं म्हनीसन वाचनू."

हा शब्द गावाने तोवर ऐकला नव्हता. मूळव्याध माहीत होती, कावीळ माहीत होती, मुतखडाही एकाला झाला होता. अपेंडिक्स हे त्या सगळ्यांच्या वरचं, कॉलेजात शिकलेलं दुखणं वाटलं. कोणीतरी भीत भीत विचारलं, "म्हंजे काय, नाना?" तेव्हा नानांनी सदरा वर केला, धोतर जरासं खाली सरकवलं आणि जांघेशेजारी बोट टेकवून सांगितलं, "आठे ऱ्हास ते. आठे दुखनं ते अपेंडिक्स. दुसरीकडे दुखनं ते वायगोया, नुसता वारा." गावाने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून बोरपाडळीच्या सगळ्या पोटांचा कारभार नानांकडे गेला.

आता खरी गोष्ट सांगायला हरकत नाही. ते अपेंडिक्स नानांचं नव्हतंच. ते शेजारच्या खाटेवरच्या देवपुरातल्या एका कॉलेजच्या पोराचं होतं. त्याला भेटायला प्राध्यापक यायचे, मित्र यायचे, संत्री यायची, आणि आलेला प्रत्येक माणूस "अपेंडिक्स का?" असं आदराने विचारायचा. नानांनी तो शब्द शेजारच्या खाटेवरून उचलून गावी आणला. त्यांचं स्वतःचं आतडं उतरलं होतं. डॉक्टर त्याला हर्निया म्हणाले.

यात लपवण्यासारखं काय होतं, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर म्हणजे वना. गावातल्या वनाचं आतडं नानांच्या आधी उतरलं होतं. तो ऑपरेशनला भ्याला, जांघेतली गाठ धोतरात सांभाळत चालायचा, आणि त्याला 'वना गाठोडं' हे नाव नानांनीच भर पोळ्याच्या मिरवणुकीत ठेवलं होतं. गावाने ते इतकं उचललं, की वनाच्या बायकोलाही लोक 'गाठोड्यानी बायको' म्हणू लागले. वर्षही सरलं नाही तोच नानांच्या जांघेत तशीच गाठ उतरली. दुसऱ्याला ठेवलेलं नाव आपल्याच पायाशी येऊन बसलं, की माणूस शहाणा तरी होतो नाहीतर खोटं तरी बोलतो. शहाणं होण्याची नानांना सवय नव्हती.

हे गुपित दोघांना ठाऊक होतं, नानांना आणि त्यांच्या बायकोला, धुरपदाबाईंना. गाव त्यांना अक्का म्हणायचं. अक्कांनी दवाखान्यात रात्रंदिवस उशाशी बसून डॉक्टरांच्या तोंडून हर्निया हा शब्द कितीदा तरी ऐकला होता. पण नवऱ्याची झाकली मूठ म्हणून त्या गप्प राहिल्या. नानांना मात्र तीन-चार वर्षांत ती मूठ असल्याचाच विसर पडला. इतक्यांदा सांगून झालं होतं, की आपलं अपेंडिक्सच काढलं हे त्यांचं त्यांनाही पटलं होतं.

कोणाचं पोट दुखो, आधी नाना. बाईचं असलं तर बापा-भावाने ओसरीवर सांगायचं, नानांनी सदरा वर करायचा, आपल्या पोटावर रोग्याचं पोट मोजायचं आणि निकाल द्यायचा. हिंग, ओवा, लिंबू-सोडा. फारच झालं तर नाना स्वतः जीपमध्ये पुढे बसून साक्रीच्या डॉक्टरकडे घेऊन जायचे. तिथे रोग्याने तोंड उघडायचं नाही, ते काम नानांचं. "साहेब, याले आठे दुखस," असं म्हणून ते आपल्या पोटावर बोट ठेवायचे, आणि रोगी बिचारा आपलं दुखणं दुसऱ्याच्या पोटावर बघत बसायचा. बहुतेक दुखणी आपोआप बरी होणारी असतात, हे देवाचे उपकार नानांच्या खात्यावर जमा होत गेले.

अशातच मगनचं लग्न झालं. मगन नानांचा एकुलता एक, बापापुढे मान वर करून न बोलणारा. मुलगी भडगावची, कुंदा. दहावीपर्यंत शिकलेली, कामाला चपळ, आणि रीतीप्रमाणे सासऱ्यापुढे पदर ओढून भिंतीला लागून चालणारी. सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, ही रीत नानांच्या घरात कडक होती. तिला काही हवं असलं तर ती अक्कांना सांगायची, अक्का नानांना सांगायच्या, आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं. मीठ संपलं हे कळायला या वाटेने काही बिघडत नाही. जीव चालला हे कळायला बिघडतं.

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कुंदाला सहावा महिना चालू होता. नातवाच्या आनंदाने नाना आधीच गावभर पेढ्यांच्या गोष्टी करत हिंडत होते. पिंपळनेरच्या सुताराला सागवानी पाळण्याचं सांगूनही आले होते. एके दिवशी सकाळी भाकरी थापता थापता कुंदाच्या बेंबीपाशी कळ आली. तिने भाकरी तव्यावर टाकली, ती उलटली, आणि मग चुलीपुढेच दोन्ही हातांनी पोट धरून बसली. दुपारपर्यंत कळ बेंबीपासून निघून उजव्या अंगाला वर सरकली, बरगडीच्या जरा खाली, आणि तिथे मुक्काम करून बसली. दोनदा उलटी झाली. अन्नाचा वाससुद्धा नको झाला.

तिने हे सगळं अक्कांना नीट सांगितलं. आधी कुठे होतं, मग कुठे गेलं, दाबलं की कसं दुखतं. आणि शेवटी हळूच म्हणाली, "अक्का, अपेंडिक्स ते नही ना? मनी मामेबहिणले असंच व्हयनं व्हतं."

अक्का ओसरीवर आल्या. त्यांनी ते सगळं नानांना सांगायला हवं होतं. पण बाईचं दुखणं पुरुषाला सांगताना आमच्याकडे निम्मं पदरात राहतं. "पोरनं पोट दुखी ऱ्हायनं. आठे, वर," एवढंच त्या म्हणाल्या आणि आपल्या बरगडीखाली हात ठेवला. सरकत आलेली कळ सरकण्यासकट गळून पडली. मग भीत भीत पुढचं म्हणाल्या, "ती म्हनस, अपेंडिक्स ते नही ना."

नानांच्या कपाळाला आठी पडली. अपेंडिक्सचा निकाल या घरात दुसऱ्या कोणी द्यावा, आणि तोही सुनेने, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. "मना घरमा अपेंडिक्स कशाले म्हनतस ते आते माले शिकाडशात का?" ते दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, म्हणजे आत ऐकू जावं. "वर शे ना? मंग ते पित्त शे. अपेंडिक्स आठे ऱ्हास." आणि हात सवयीने जांघेशी गेला.

अक्कांनी त्या हाताकडे पाहिलं. तिथे काय कापलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. त्या काही तरी बोलायला गेल्या, पण शेजारचे दोघे तेवढ्यात ओसरीवर चढले, आणि अक्का आत गेल्या. हिंग-ओवा झाला. लिंबू-सोडा झाला. सोडा तर तसाच उलटून पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाच्या अंगात ताप भरला तेव्हा नानांनी जीप सांगितली. मोठेपणा असा, की घरच्या सुनेसाठीसुद्धा ते पुढेच बसले. साक्रीच्या डॉक्टरांकडे बाहेर रांग होती, पण नानांची ओळख असल्याने लगेच आत घेतलं. डॉक्टरांनी कुंदाला विचारलं, "काय होतंय, बाई?" कुंदाने पदर पुढे ओढला. समोर सासरा उभा. तिच्या वतीने नाना बोलले. सहावा महिना, पित्त, उलट्या, आणि आपल्या ढेरीच्या वरच्या टोकाला बोट लावून, "आठे."

डॉक्टरांनी लुगड्यावरूनच उजव्या अंगाला हात लावला. कुंदा कळवळली. ते जरा थबकले. "अपेंडिक्स तर नसेल?" असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. नाना हसले. शाळेच्या पोराने पाढा चुकावा आणि गुरुजींनी मायेने हसावं, तसं हसले. "साहेब, मनंच काढेल शे ना! ते आठे ऱ्हास, खाले. हाई ते बरगडीजोडे शे." आणि सदरा वर.

डॉक्टर शिकलेले होते, पण रांग बाहेर लांब होती, आणि शिकलेल्या माणसालाही दुसऱ्याने ठामपणे सांगितलं की बरं वाटतं. दिवस गेलेल्या बाईला उलट्या होतातच, पोटही दुखतंच. त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "संध्याकाळपर्यंत थांबलं नाही तर सरळ धुळ्याला न्या. वेळ घालवू नका." नानांनी "हा, हा," केलं. त्यातलं इंजेक्शन तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं.

इंजेक्शनने कळ बोथट झाली. नाना जिंकले. धुळ्याचं नाव परत निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तर चमत्कारच झाला. पहाटेपासून विव्हळणारी कुंदा एकदम शांत पडली. कळ थांबल्यासारखी झाली. तिला स्वतःलाही वाटलं की सुटले. आतमध्ये काय फुटलं आणि फुटल्यामुळेच का शांत वाटलं, हे तिला कळण्याचं कारण नव्हतं. नानांना कळण्याचं तर मुळीच नव्हतं, पण त्यांनी ते गावाला समजावून सांगितलं. "पित्त उतरनं," ते म्हणाले. गावच्या रीतीप्रमाणे आजाऱ्याला बघायला माणसं येऊ लागली होती, ती आता अभिनंदनाची झाली. बायका आत, पुरुष ओसरीवर. चहावर चहा. नाना एकेकाला सदरा वर करून अपेंडिक्स आणि पित्त यांतला फरक दाखवत होते, आणि आत ज्या बाईवरून हे चाललं होतं तिच्या ओठांवर सालं निघत होती.

दुपार कलायच्या आत कुंदाचं अंग तव्यासारखं तापलं. पोट फळीसारखं कडक झालं, हात लावू देईना. डोळे आत गेले. अक्कांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तशाच उठून ओसरीवर आल्या. माणसांनी ओसरी भरलेली होती. वनाही एका कोपऱ्यात चहा फुंकत बसला होता.

"जीप सांगा. धुयाले लई जाऊत," धुळ्याच्या वाटेकडे हात करत अक्का म्हणाल्या.

"कशाले?" नाना म्हणाले. "पित्त उतरनं. अपेंडिक्स ऱ्हातं ते गोष्ट येगळी."

मगन दाराशी उभा होता. त्याने एकदा आत पाहिलं, एकदा बापाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काहीच केलं नाही. त्याला तेवढंच शिकवलेलं होतं. आणि नानांचा हात पुन्हा सदऱ्याकडे गेला.

तेव्हा अक्का फुटल्या. इतकी वर्षं गिळलेलं एका दमात बाहेर आलं. "आग लागो तुमना अपेंडिक्सले! तुमले कवय व्हतं अपेंडिक्स? तुमनं आतडं उतरेल व्हतं, आतडं! या वनानं व्हतं तसंच! मी तोंड दाबीसन बसनी इतला साल. आते ती पोर मरी जाई, मंग तिना बापले काय हाऊ टाका दखाडशात?"

चहाची बशी वनाच्या ओठांशी होती ती तिथेच राहिली. त्याने नानांकडे पाहिलं, मग नानांच्या धोतराकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस असा हसला, की ते हसू बघवत नव्हतं. नानांचं पितळ उघडं पडलं, आणि तेही भर गर्दीत, ज्याला गाठोडं म्हटलं त्याच्या पुढ्यात. तोंड लाल झालं. सदरा अर्धा वर तसाच धरलेला होता, तो खाली सोडायचंही त्यांना सुचेना. तोवर मगन फाट्याकडे जीपसाठी धावत सुटला होता. बापाला न विचारता केलेलं त्याचं हे पहिलं काम.

धुळ्याला, देवपुरातल्या त्याच दवाखान्यात, त्याच सर्जनसमोर कुंदाला नेलं. सर्जनचे केस आता पांढरे झाले होते. नाना आधी ओळखीचं हसले. एवढं होऊनही हसले. डॉक्टरांना चेहरा आठवला नाही. त्यांनी कुंदाच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "सगळे बाहेर व्हा."

"साहेब, ती बोलस नही. मी सांगस ना—"

"पोट तुमचं दुखतंय का?"

नाना बाहेर आले, पण दाराला कान लावून उभे राहिले. आत डॉक्टर विचारत होते आणि कुंदा सांगत होती. दीड वर्ष त्यांच्या घरात राहिलेल्या सुनेचा आवाज नाना पहिल्यांदा असा सरळ, पुरा ऐकत होते. थकलेला होता, पण कुठे अडखळत नव्हता. पहिल्यांदा बेंबीपाशी. मग दुपारी उजवीकडे. मग उलट्या. आज सकाळी एकदम थांबलं, आणि मग सगळ्या पोटात. डॉक्टर म्हणाले, "डाव्या कुशीवर वळ बरं, हळू. बाळ त्या अंगाला गेलं, दुखणंही गेलं का त्याच्याबरोबर?" कुंदा म्हणाली, "नही. ते तठेच शे." "म्हणजे गर्भाशयाचं नाही," डॉक्टर म्हणाले. आणि मग ती जी ओरडली, त्याने नाना दारापासून मागे सरले.

डॉक्टर बाहेर आले ते तापूनच. "फुटलंय अपेंडिक्स. दोन दिवस घरी कोणी थांबवलं हिला?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना पुटपुटले, "पन साहेब, ते ते खाले ऱ्हास..."

"खाली तुमचं असेल! पोटात सहा महिन्यांचं मूल आहे. गर्भाशय वाढत जातं तसं ते अपेंडिक्सला वर ढकलत नेतं. सहाव्या महिन्यात ते बरगडीखाली दुखणारच. खाली शोधत बसलात तर सापडेल कसं? अहो, दिवस गेलेल्या बाईत मलाही हे पटकन ओळखू येत नाही. उलट्या तशाही होतात, रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी तशाही वाढलेल्या असतात. म्हणून तर तिलाच विचारावं लागतं. तिने मला चार वाक्यांत सगळं सांगितलं. तुमच्यापैकी कोणी तिला विचारलं का?"

कोणी विचारलं नव्हतं. ज्यांना सांगितलं होतं, त्या अक्का भिंतीकडे तोंड करून रडत होत्या.

"लगेच उघडतो," डॉक्टर मगनला म्हणाले. "तिला वाचवीन असं वाटतं. बाळाचं काही सांगत नाही. परवा आणली असती तर दोन्ही सांगितलं असतं."

ऑपरेशन झालं. पोटात पू झाला होता. तो धुऊन काढला, नळी घातली, सलाईन लावलं, आणि कुंदा वाचली. तिसऱ्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या. त्या थांबवायला डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं, पण आत एकदा आग लागली की गर्भ तिथे राहत नाही. मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा होता. तो रडला नाही. नर्सने त्याला फडक्यात गुंडाळून मगनच्या हातात दिलं, आणि ज्या माणसाने आयुष्यात बापापुढे मान वर केली नव्हती, तो त्या फडक्याकडे बघत दवाखान्याच्या पायऱ्यांवर मोठ्याने रडला. हे सांगताना थट्टा सुचत नाही.

कुंदाचे वडील शालिग्राम आबा भडगावहून आले. गिरणेकाठचा मोजकं बोलणारा माणूस. नाना त्यांना व्हरांड्यात सामोरे गेले. कोणत्याही बापाने अशा वेळी मान खाली घातली असती. नानांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "काय सांगू आबा, येळवर लई उनूत म्हनीसन पोर वाचनी."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "आनि पोऱ्या?" एवढंच विचारलं आणि आत लेकीकडे गेले. सुट्टी मिळाल्यावर तिला सरळ भडगावला नेलं. बोरपाडळीला पाऊलही टाकलं नाही, नानांच्या हातचं पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मगनच पुढे जाऊन तिला घेऊन आला, तोही चार महिन्यांनी, आणि अक्कांनी सांगितलं म्हणून.

गावाने पुढे काय करायचं ते केलं. वनाच्या तोंडून निघालं आणि आठवड्यात पोराटोरांच्या तोंडी झालं, 'लोटन गाठोडं'. काही महिने नानांची ओसरी ओस पडली. सदरा खाली राहिला. पिंपळनेरच्या सुताराने पाळणा तयार झाल्याचा निरोप धाडला तेव्हा नानांनी उत्तरच दिलं नाही. आता हा माणूस सुधारला, असं कोणालाही वाटलं असतं.

पण गावाला अजून दवाखाना नव्हताच. आणि बोलणारा माणूस हवा असला की लोक फार चौकशी करत नाहीत. एका पोटदुखीवाल्याने ओसरी चढता चढता सुचवलं, "नाना, तुमनं नव्हतं ते ऱ्हाऊ द्या, पन तुमनी सूननं ते व्हतं ना?" झालं. नानांच्या तोंडावर पुन्हा तेज आलं. स्वतःचं अपेंडिक्स गेलं, घरातलं हाताशी आलं. आता ते सदरा वर करत नसत. आता ते धुळ्याच्या सर्जनचं बोलणं जसंच्या तसं, फक्त सर्जनचं नाव वगळून, ऐकवत. बाई पोटुशी असली की अपेंडिक्स वर सरकतं. कळ एकदम थांबली तर जास्त भ्यायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ज्याचं दुखतं त्यालाच विचारायचं. हे शेवटचं सांगताना ते एक बोट वर धरत. ऐकणारे म्हणत, नानांना अनुभव दांडगा.

दोन वर्षं गेली. कुंदाला पुन्हा दिवस राहिले, चौथा सरत आला. त्या दिवशी सकाळी पलीकडच्या गावचा धनसिंग ओसरीवर बसला होता. त्याच्या लेकीचं पोट कालपासून दुखत होतं, आणि नाना रंगात आले होते.

"माले का सांगी ऱ्हायना?" नाना बोट वर धरून म्हणाले. "पोट तुनं दुखस का? तिले इचारं का? दुखनं बाईनं आनि बोलना मानूस, आठेच सारी चूक व्हस. तिले इचार पहिले!"

धनसिंग भारावून मान हलवत होता. तेवढ्यात आतून कुंदा बाहेर आली. नवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारे दवाखान्याचे कागद, पायात चपला. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. ओसरीवरून सासऱ्यासमोरून ती सरळ चालत गेली, भिंतीला लागून नव्हे, मधूनच. पायऱ्या उतरली आणि फाट्याच्या वाटेला लागली.

नानांचं बोट वरच राहिलं. ते दारात उभ्या असलेल्या अक्कांकडे वळले, कारण सुनेचं काही विचारायचं तर याच वाटेने, हे त्यांना अजून मोडवलं नव्हतं. "कोठे चालनी ती? काही दुखस का तिनं?"

अक्का दाराच्या चौकटीला टेकून सुनेच्या पाठीकडे बघत होत्या.

"तिलेच इचारा ना," त्या म्हणाल्या.

धनसिंगने नानांकडे पाहिलं. नानांनी घसा खाकरला, तोंड उघडलं आणि हाक मारायला गेले. पण सुनेला हाक कशी मारायची, हे त्यांना माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. तोवर धुळ्याची एस.टी. फाट्यावर येऊन थांबली होती, आणि कुंदा तिच्यात चढली.